निळ्या कॉलरचा पांढरा शर्ट

"हा कुणी धुतला?"

लिंबाजी आप्पांनी शर्ट उलगडलासुद्धा नाही. घडीवर नुसता तळवा ठेवून विचारलं.

"एका बाईंनी," ऋजुता म्हणाली. "घरी, बादलीत, पावडर घालून. आत लेबलवर स्पष्ट लिहिलं होतं, फक्त ड्रायक्लीन. तरीसुद्धा."

"आणि शिवला कुणी?"

"मी. म्हणजे माझ्या कारागिरांनी. डिझाइन माझं."

आप्पांनी शर्ट मांडीवर घेतला आणि ते नदीकडे बघत बसले.

ऋजुता काळसेकर पुण्याहून सकाळी सहाला निघाली होती. भोरच्या अलीकडे नीरेच्या काठाला परटांची चार घरं आहेत, त्यांतलं हे शेवटचं. आप्पांचं वय ऐंशीच्या पुढे. धुलाईचं दुकान गावात सूनबाई चालवायच्या, तिथे मशिनही होतं. आप्पा मात्र रोज सकाळी नदीवर येत. लोक ज्या कपड्यांच्या बाबतीत दुसऱ्या कुणावर भरवसा ठेवत नाहीत, असे दोन-चार कपडे त्यांच्यापुढे असत. कुणाची आजेसासूची पैठणी, कुणाचा लग्नातला शेला.

ऋजुताला त्यांचं नाव तिच्या रंगाऱ्याने सांगितलं होतं. "कपड्यातला रंग काय करील, ते त्या म्हाताऱ्याला विचारा," तो म्हणाला होता, "पण तो उत्तर देईलच असं नाही. उलटा प्रश्न करतो."

बारा वर्षं ऋजुता शर्ट करत होती. एरंडवण्यात तिचं छोटं दुकान, मागे कारखाना. तिचा शर्ट लांबून ओळखू येतो, असं लोक म्हणत आणि तिला ते आवडे. यंदाच्या दिवाळीत तिने एक शर्ट काढला होता. अंग पांढऱ्याशुभ्र मलमलीचं आणि कॉलर, कफ, बटणपट्टी हाताने रंगवलेल्या गडद निळीची. नैसर्गिक नीळ. दिसायला असा देखणा, की मांडल्या मांडल्या हातोहात खपला.

त्यातलाच एक शर्ट शिरवळजवळच्या एका गावी गेला. बाजीराव मांढरे नावाचे एसटीचे ड्रायव्हर एकतीस वर्षांची नोकरी करून निवृत्त झाले, तेव्हा डेपोतल्या मंडळींनी त्यांना तो निरोपाला दिला. बाजीरावांनी तो समारंभात एकदा घातला. आठवड्यावर मुलीचा साखरपुडा आला होता, म्हणून त्यांच्या बायकोने, हौसाबाईंनी, तो धुवायला घेतला.

नीळ सगळ्या शर्टावर पसरली.

हौसाबाईंनी शेजारणीकडून लेबलवरचा नंबर लावून घेतला आणि फोन केला. ऋजुता तेव्हा कामात होती.

"बाई, लेबल वाचायचं नाही का आधी?" तिने विचारलं होतं.

"मला वाचाय येत न्हाई वो ताई," पलीकडून आवाज आला.

ऋजुता म्हणाली होती, "नंबर लावून घेतलात ना कुणाकडून? तसंच ते वाचूनही घ्यायचं." आणि फोन ठेवला होता.

चार दिवसांनी एक पार्सल आलं. आत तो शर्ट. धुतलेला, कडक इस्त्री केलेला, नीट घडी घातलेला. चिठ्ठी नाही, तक्रार नाही. ऋजुताने तो कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी काढून टेबलावर ठेवला. टाकून देववेना आणि डोळ्यांसमोरही नको वाटे. असे दहा-बारा दिवस गेल्यावर ती भोरला निघाली.

"आप्पा," तिने विचारलं, "हा डाग जाईल का?"

"न्हाई."

"थोडा तरी?"

"थोडा जाईल. मग जास्त दिसंल."

तिने पिशवीतून वही काढली.

"ठीक आहे. झालं ते झालं. मी दुसऱ्याच कामासाठी आलेय. असे भारी शर्ट घरच्या घरी कसे धुवायचे, ते मला सांगा. सगळं नीट लिहून घेते. लेबलवर छापीन, दुकानात लावीन. लोकांना शिकवावंच लागतं, आप्पा. हजारदा सांगितलं तरी ऐकत नाहीत."

"तुमी कसं धुता?"

"काय?"

"तुमचे. हे अंगात हाय तसले."

तिच्या अंगातही तिचाच शर्ट होता, तसलाच, निळ्या कॉलरचा.

"मी... लाँड्रीत देते."

"येकदा बी न्हाई धुतला? हातानं?"

"वेळ कुठे असतो, आप्पा."

आप्पांनी वहीकडे पाहिलं. मग तिच्या पिशवीकडे बोट केलं. मूळचा शर्ट कसा दिसतो ते दाखवायला तिने एक कोरा आणला होता, त्याची बाही बाहेर डोकावत होती.

"तो काढ," ते म्हणाले. "धू."

तुमीवरून तूवर ते कधी आले, तिच्या ध्यानात आलं नाही.

"हा? हा नवा आहे! याचीही तीच गत होईल."

आप्पांनी मडक्यातलं रिठ्याचं पाणी पितळी परातीत ओतलं. सकाळीच रिठे फोडून, उकळून, गाळून ठेवलेलं. परात तिच्यापुढे सरकवली.

ऋजुताने शर्ट उचलला आणि तसाच परातीत घालायला गेली.

"उलटा कर."

तिने शर्ट उलटा केला.

"बटणं?"

"लावू?"

"वरचं येक सोड. बाकी लाव. आता साध्या पाण्यात भिजव. कोरडा कपडा साबणात घालू नये, डाग धरतो."

तिने शर्ट नदीच्या पाण्यात बुडवला. मार्गशीर्षातलं गार पाणी, मनगटापर्यंत कळ गेली. मग रिठ्याच्या पाण्यात घातला आणि सवयीने, म्हणजे कामवाल्या बाईंना करताना पाहिलं होतं तसं, कॉलर कॉलरवर घासू लागली.

"भांडं हाय का ते?"

ती थांबली.

"तळव्यानं दाब. सोड. दाब. सोड."

ती दाबत राहिली, सोडत राहिली. फेस आला, आणि फेसाखालून निळं पाणी. आधी फिकट, मग शाईसारखं. तिने घाईघाईने शर्ट उचलला, बोळा केला आणि पिळायला घेतला.

"बोळा करू नको!" आप्पा पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "पसर! पाण्यात पसर!"

तिने वाहत्या पाण्यात शर्ट पसरला. निळीचा एक लोट अंगापासून सुटला आणि प्रवाहाबरोबर निघून गेला.

"निळं पाणी भिण्यासारखं न्हाई," आप्पा नेहमीच्या आवाजात म्हणाले. "रंग सुटतोच. सुटला की त्याला जायला वाट पायजे. वल्ला बोळा करून ठिवला की जागच्या जागी बसतो. त्या बाईनं बादलीत भिजत ठिवला आसंल."

"मीठ घातलं तर रंग धरतो म्हणतात..."

"मीठ कालवणात."

दुसरं पाणी. तिसरं. दर वेळी थोडं रिठ्याचं पाणी, दर वेळी दाबणं, सोडणं, मग नदीत पसरणं. तिची कंबर भरून आली. चौथ्या पाण्याला निळाई कमी झाली. सहाव्याला नजर लावून पाहावं तेव्हा दिसे. सातव्याला पाणी जसं आलं तसं गेलं.

तिने शर्ट वर उचलला. कॉलर निळी होती, थोडी मऊ झालेली निळी, कोऱ्यापेक्षा देखणी. आणि अंग पांढरं. डाग नाही, छटासुद्धा नाही.

आप्पांनी तिला तो जुन्या धोतराच्या पटीत गुंडाळायला लावला, पाणी टिपून घ्यायला लावलं. मग दोन्ही बाह्यांतून एक वेळूची काठी घातली आणि झाडाच्या सावलीत, उलटाच, अडकवला. "उन्हात नीळ उडती," ते म्हणाले. "आन जरा दमट आसंल तवाच इस्त्री. आतून."

ऋजुताला हसू फुटलं. इतकं मोकळं ती बऱ्याच दिवसांत हसली नव्हती. ती हात पुसत वहीकडे धावली.

"म्हणजे धुता येतो! घरी धुता येतो, आप्पा! गार पाणी, रिठा, उलटा करून, न पिळता... आणि सात वेळा पाणी बदलायचं. लिहिते. सात बादल्या." ती लिहीत होती. "जमेल लोकांना. जरा कष्ट घेतले तर जमेल."

"पयली सात पाणी कुणी घालायची?"

"ज्याचा शर्ट असेल त्याने."

आप्पांनी त्या जुन्या धोतराच्या टोकाचा एक तुकडा टरकावला. बोटभर चिंधी. ती पाण्यात बुडवली, पिळली आणि ऋजुताच्या जवळ आले.

"मान वाकव."

तिने मान वाकवली. आप्पांनी तिच्या अंगातल्या शर्टाची कॉलर किंचित उलटली आणि ओली चिंधी आतून एकदा, एकदाच, ओढली.

चिंधी तिच्यापुढे धरली. निळी झाली होती.

"हे माहीत व्हतं का तुला?"

समोर नदी वाहत होती. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं...

माहीत होतं. सप्टेंबरात रंगारी म्हणाला होता, ताई, आठ दिवस आणखी द्या, कापडाला पाणी कमी पडलंय, अजून धुवायला हवं. दिवाळी तोंडावर होती. तिने स्वतः पांढरा रुमाल ओला करून कापडावर घासून पाहिला होता. रुमाल असाच निळा झाला होता. त्याच दुपारी तिने लेबलं छापायला टाकली होती. फक्त ड्रायक्लीन.

"होतं," ती म्हणाली.

आप्पांनी चिंधी तिच्या हातात दिली. हौसाबाईंचा शर्ट उचलला, तोही दिला.

"जिथनं आलाय तिथं घिऊन जा."

शिरवळजवळच्या त्या गावात मांढऱ्यांचं घर सापडायला वेळ लागला नाही. एसटीचे ड्रायव्हर म्हटल्यावर पहिल्याच माणसाने वाट दाखवली. पत्र्याचं, पुढे सारवलेलं अंगण असलेलं घर. हौसाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, काटक. शर्ट पाहताच त्या उठून उभ्या राहिल्या.

"तुमी त्या ताई का? इतक्या लांबनं आलाव?" त्यांनी पदराने हात पुसले. "आवो, मी रागानं न्हवता पाठिवला. मला वाटलं, तुमच्याकडं कायतरी औषध आसंल त्याला."

हौसाबाई बोलत राहिल्या.

"दोन दिवस घासला मी त्यो. ते भाईर गेले की काढायचा आन घासायचा. दगडावर, बिरशानं, लिंबू लावून. त्यास्नी दावला न्हवता. मग साखरपुड्याच्या आदल्या दिशी सांगावंच लागलं." त्यांनी हात पुढे केले. बोटांच्या पेरांवरची सोललेली कातडी अजून भरली नव्हती. "साखरपुड्याला जुनाच घातला त्यांनी. तुमी फोनवर म्हनला ते बराबरच व्हतं. चूक माझीच."

"नाही," ऋजुता म्हणाली.

"मला वाचाय येत न्हाई, तर—"

"नाही, हौसाबाई. मला माहीत होतं, रंग जाणार. विकण्याआधीच माहीत होतं. मी तो धुवून द्यायला हवा होता. दिला नाही. लेबल लावलं."

हौसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"माहीत व्हतं?"

"हो."

सुपातला एक खडा उचलून हौसाबाईंनी तो अंगणात टाकला.

"मग फोनवर सांगायचं की तसं," त्या म्हणाल्या. "मी दोन दिवस ह्यांच्या तोंडाकडं बघितलं न्हाई."

ऋजुताने मान खाली घातली. हौसाबाई आत जाऊन चहा ठेवून आल्या.

चहा होईतो बाजीराव आले. उंच, किंचित वाकलेले. ऋजुताने पिशवीतून आप्पांच्या नदीवर धुतलेला दुसरा शर्ट काढला आणि सगळं त्यांनाही सांगितलं. त्यांनी नवा शर्ट हातात घेतला, चांगलाय म्हणाले, आणि परत दिला.

"ह्यो नको. त्यो द्या, त्यो माझ्या डेपोच्या लोकांनी दिलाय."

त्यांनी डागाळलेला शर्ट तिथेच सदऱ्यावरून अंगात चढवला. छातीवर, पाठीवर, निळसर ढग उमटले होते. हौसाबाईंनी तोंड फिरवलं.

"एकतीस वर्सं खाकी घातली," बाजीराव बटणं लावत म्हणाले. "आता पांढरा काय आन निळा काय. अंगाला बसतोय झकास."

निघताना हौसाबाई फाटकापर्यंत आल्या. "पण मग धुवायचा कसा, ते तरी सांगून जा," म्हणाल्या. ऋजुताने वही काढली नाही. अंगणातच बादली मागून घेतली, अंगातल्या शर्टावर बाजीरावांचं एक जुनं पटकूर बांधलं आणि एक पांढरा रुमाल धुवून दाखवला. दाब. सोड. हौसाबाईंनी एकदा पाहिलं आणि तिच्या हातातून काढून घेतला. "कळलं," त्या म्हणाल्या. त्यांचा हात ऋजुताच्या हातापेक्षा हलका होता.

पुण्याला परतल्यावर ऋजुताने मांडणीवरचे उरलेले शर्ट उतरवले. ज्यांनी ज्यांनी नेले होते, त्यांची नावं शोधून एकेकाला फोन केला. शर्ट परत पाठवा, आम्ही धुवून देतो. पुष्कळांना ते चमत्कारिक वाटलं. काहींनी पाठवले, काहींनी नाही. एका वकिलीणबाईंनी तर विचारलं, "म्हणजे इतके दिवस काय विकत होता तुम्ही?" तिने ऐकून घेतलं.

कारखान्याच्या मागच्या मोरीत तिने सात टब मांडले. कारागीर म्हणाले, ताई, बाई लावू धुवायला. ती नको म्हणाली. रोज सकाळी तीन तास ती स्वतः बसे. पहिल्या आठवड्यात कंबर धरली. दुसऱ्या आठवड्यात नखांच्या कडा निळ्या झाल्या, त्या काही केल्या जाईनात. लेबलाचं छापखान्याचं काम तिने थांबवलं. नवीन निळीचं कापड आता शिवायच्या आधीच धुतलं जाऊ लागलं. रंगाऱ्याने एकदा येऊन टबातलं पाणी पाहिलं आणि आणखी एक टब आणून ठेवला.

महाशिवरात्रीच्या सुमारास शेवटचा शर्ट धुऊन झाला. आठव्या टबातलं पाणी काचेसारखं नितळ होतं. ऋजुताला वाटलं, हे आप्पांनी पाहायला हवं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भोरच्या वाटेला लागली. आप्पा नेहमीच्या दगडावर बसले होते, मांडीवर कुणाचंतरी जरीचं उपरणं. ती त्यांच्या पाया पडली. सगळं सांगितलं. मांढऱ्यांचं घर, हौसाबाईंची बोटं, फोन, टब. आप्पा उपरण्याच्या दशा एकेक करून सोडवत होते. ऐकत होते की नाही, कळत नव्हतं.

मग तिने पिशवीतून शर्ट काढला. निळ्या कॉलरचा, आठ पाणी झालेला. परातीत नदीचं पाणी घेतलं, शर्ट उलटा करून त्यात बुडवला, तळव्याने दाबला, सोडला. पुन्हा दाबला. मग बाहेर काढून परात दोन्ही हातांनी उचलून आप्पांपुढे धरली.

पाणी नितळ होतं. तळाची पितळ, पितळेवरचे ठोके, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"बघा, आप्पा. एक थेंब रंग नाही."

आप्पांनी पाण्याकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं.

"कुनाला दावतीस?"

ती गोंधळली. परात हातात जड होऊ लागली.

"तुम्हाला..."

आप्पांनी पुन्हा उपरणं मांडीवर ओढलं, पुढची दशी बोटात धरली.

"मग रंग हाय आजून. आनखी येक पाणी घाल."